घसा, गळा की मान? तपासताना कोणता शब्द वापरायचा

प्रश्न : नर्सिंगची विद्यार्थिनी, इंदूर

आमचं शिक्षण इंग्रजीत, वॉर्डातलं बोलणं हिंदीत आणि घरी मराठी. डोकं आणि मान तपासायचा धडा नुकताच झाला. आमच्याकडे रामबाग, लोकमान्य नगरकडच्या मराठी आजी बऱ्याचदा येतात आणि त्यांच्याशी मराठीत बोललं की त्या मोकळेपणानं सांगतात. पण माझी पंचाईत होते. एक आजी म्हणाल्या, "गळा दुखतोय." मी टॉर्च घेऊन तोंड उघडायला सांगितलं, तर त्यांनी बोट ठेवलं मानेवर, पुढच्या बाजूला. घसा, गळा, मान यांत नेमका फरक काय? आणि गाठींना काय म्हणायचं? इथं कुणी 'गिल्टी निघाली' म्हणतं, कुणी 'अवधाण'.

उत्तर : निवृत्त परिचारिका, सुदामा नगर

बाळ, फार चांगला प्रश्न विचारलास.

घसा आतला. गिळताना खवखवतो, ओरडून बसतो, सर्दीनं धरतो. मान म्हणजे डोकं धडाला जोडणारा सगळा भाग, त्यातही बोलताना मागची आणि बाजूची बाजू मनात असते: मान अवघडली, मान वळत नाही. गळा म्हणजे पुढची बाजू, जिथं मंगळसूत्र रुळतं. महाराष्ट्रातली बाई सहसा 'घसा दुखतोय' आणि 'गळ्याशी गाठ आलीय' असं वेगवेगळं सांगेल. आपल्या इंदुरी मराठीवर हिंदीचा हात आहे. हिंदीत 'गला ख़राब' आणि 'गला बैठ गया', म्हणून आपल्याकडे सर्रास 'गळा खराब आहे', 'गळा बसला'. ही इथली भाषा आहे, तिला चूक म्हणून दुरुस्त करायला जाऊ नकोस. फक्त तपासणाऱ्यानं 'गळा' ऐकलं की लगेच पुढचं विचारायचं: "गिळताना आत दुखतं, की बाहेरून हात लावल्यावर?" आणि "एक बोट ठेवून दाखवा." नोंद करताना बोट कुठं ठेवलं ते लिही आणि सोबत त्यांचा शब्दही जसाच्या तसा लिही.

आता 'अवधाण'. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. पायाला जखम झाली की जांघेत, हाताला झाली की काखेत जी दुखरी गाठ येते ते अवधाण. म्हणजे गाठीचं कारण दुसरीकडे, जवळपास कुठंतरी आहे हे या शब्दातच गृहीत धरलेलं असतं. ही गाठ म्हणजे सुजलेली लसीका ग्रंथी (लिम्फ नोड), आणि या ग्रंथींचं काम तसंच चालतं: प्रत्येक गटाकडे ठरावीक भागातला लसीकारस येतो. म्हणून आजी म्हणाल्या, "मानेत अवधाण आलंय," की केस बाजूला करून डोक्याची कातडी बघायची. कवटीच्या मागच्या कडेला आणि कानामागे गाठी लागल्या तर डोक्यात फोड, चिघळलेली खाज, उवा यांपैकी काहीतरी बहुतेक सापडतं. हनुवटी आणि जबड्याखाली लागल्या तर दात, हिरड्या, तोंड बघायचं.

हात लावायची पद्धत तुला शिकवलीच असेल, तरी सांगते. बोटांच्या टोकांनी खुपसायचं नाही, पेरांच्या मऊ भागानं हलकं गोल फिरवायचं. कानापुढे, कानामागे, डोक्याच्या मागे, जबड्याच्या कोनाखाली, जबड्याखाली, हनुवटीखाली, मग मानेच्या दोन्ही कडांनी खाली उतरत कॉलर बोनच्या वरच्या खळग्यापर्यंत. डावी-उजवी बाजू ताडून बघायची. एक सेंटीमीटरपेक्षा मोठी गाठ नोंदवायचीच. मऊ, हलणारी, दुखरी गाठ बहुधा संसर्गाची असते. कडक, जागेला चिकटलेली आणि न दुखणारी असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायचं. कॉलर बोनच्या वर, विशेषतः डावीकडे लागली तर कधीच सोडायची नाही, कारण पोटातल्या कॅन्सरची पहिली खूण तिथं दिसू शकते. 'दुखत नाही ना, मग राहू द्या' हे वाक्य मी घराघरांत ऐकलंय आणि दर वेळी जीव कळवळतो. न दुखणारी गाठच जास्त बघायला हवी.

एकाला एक चिकटून माळेसारख्या गाठी आल्या तर जुनी माणसं 'गंडमाळ' म्हणतात. तो शब्द कानावर पडला की क्षयाची शंका मनात ठेवायची. ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम, घरात कुणाला क्षय होता का, हे सगळं विचारायचं.

प्रतिसाद : वाचक, ग्वाल्हेर

गंडमाळेवरून आठवलं, गलगंड आणि गालगुंड यांत माझ्या ओळखीचे भलेभले गोंधळतात. गलगंड गळ्याचा, थायरॉइड वाढल्यानं येतो. गालगुंड गालाचं, कानापुढे आणि कानाखाली सूज येते, जबड्याचा कोन दिसेनासा होतो, कानाची पाळी वर उचलल्यासारखी वाटते. तो विषाणूचा आजार. आमच्याकडे हिंदीत त्याला गलसुआ म्हणतात आणि त्यातला 'गल' ऐकून घोटाळा आणखी वाढतो.

थायरॉइडला पाठ्यपुस्तकी मराठीत 'अवटू ग्रंथी' म्हणतात. जुन्या संस्कृत कोशांत मात्र 'अवटु' म्हणजे मानेची मागची बाजू, मानगूट! ग्रंथी तर पुढे आहे. रुग्णाशी बोलताना हा शब्द वापरू नये असं माझं मत आहे. थायरॉइड सगळ्यांना कळतं.

पुन्हा प्रश्न : विद्यार्थिनी

ताई, काका, मनापासून आभार. थायरॉइड बघताना गिळायला सांगतात, तिथं मी 'थूक गिळा' म्हणते आणि आजींना ते कसंतरीच वाटतं.

उत्तर : निवृत्त परिचारिका

'आवंढा गिळा' म्हण. किती नेमका शब्द आहे! जुन्या पिढीला लगेच कळेल. मात्र वयस्कर माणसांचं तोंड कोरडं असतं, दोनदा गिळल्यावर तिसऱ्यांदा जमत नाही. त्यापेक्षा पाण्याचा घोट दे, "तोंडात धरून ठेवा, मी सांगितलं की गिळा" असं सांग. थायरॉइड गिळताना वर सरकते, इतर बऱ्याच गाठी सरकत नाहीत. मागे उभी राहून हात लावणार असशील तर आधी सांग. न सांगता मागून गळ्याला हात गेला तर कुणीही दचकेल.

गलगंडाची मोजणी सोपी आहे. हाताला लागत नाही आणि दिसतही नाही तो शून्य दर्जा, हाताला लागतो पण मान सरळ असताना दिसत नाही तो पहिला, मान सरळ असताना नुसत्या नजरेलाही दिसतो तो दुसरा. आपल्या देशात १९६२ पासून गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम चालला आणि १९९२ मध्ये त्याचं नाव आयोडीनच्या कमतरतेवरून ठेवलं गेलं, कारण नुकसान गळ्यापुरतं नसतं, गर्भातल्या बाळाच्या मेंदूलाही पोहोचतं. तेव्हा घरात कोणतं मीठ आहे हेही विचार. उपासाचं म्हणून नुसतं, आयोडीन न घातलेलं सैंधव वापरणारी घरं आपल्याकडे आहेत.

आणखी एक. मानेतली नाडी बघताना दोन्ही बाजू एकदम दाबायच्या नाहीत, मेंदूचा रक्तपुरवठा कमी होऊन माणूस भोवळ येऊन पडू शकतो.

प्रतिसाद : बालरोग विभागातली परिचारिका, मूळची नागपूरची, आता इंदूर

'टाळू' राहिला. तोंडातली टाळू आणि बाळाच्या डोक्यावरची टाळू, शब्द एकच. आई म्हणाली "टाळू खोल गेलीय", तर बाळाच्या डोक्यावरच हात ठेवायचा. जुलाबात खोल गेलेली टाळू म्हणजे अंगातलं पाणी कमी झालंय. बाळ शांत असताना, उभं धरून बघायचं, रडताना टाळू फुगतेच. शांत असतानाही फुगलेली, ताणलेली लागली तर थांबायचं नाही. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते, मागची दोन-तीन महिन्यांत.

प्रश्न : विद्यार्थिनी

आणि 'मान धरलीय' म्हटलं तर?

उत्तर : निवृत्त परिचारिका

आधी विचार, पडलात का, मार लागला का. लागला असेल तर मान अजिबात हलवायची नाही, डॉक्टरांना बोलव. नसेल तर ताप बघ आणि हनुवटी छातीला टेकवायला सांग. रात्री वाकडं झोपल्यानं धरलेली मान बहुधा वळताना दुखते. तापात मान पुढे वाकतच नसेल, सोबत डोकं ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल, तर मेंदूज्वराची शंका, तिथून पळत सुटायचं आणि डॉक्टरांना घेऊन यायचं.

'चक्कर' शब्दालाही असंच सोडवून घे: "घर फिरल्यासारखं वाटतं, की डोळ्यांपुढे अंधारी येते?" पहिल्यात कान बघायचे, दुसऱ्यात रक्तदाब आडवं आणि उभं राहून.