बागेत आणि पालिकेच्या इमारतींत फुकट वाय-फाय : नियमावलीवर हरकत घ्यायचीय, मुद्दे सुचवा

खिडकीतला_ढग
नमस्कार मंडळी. आमच्या पालिकेने बागा, वाचनालयं आणि नागरी सुविधा केंद्रांत मोफत वाय-फाय द्यायचं ठरवलंय आणि नियमांचा कच्चा मसुदा हरकती-सूचनांसाठी टाकलाय. दोन पानांचा आहे, त्यातलं दीड पान वापरणाऱ्याने काय काय करू नये यातच गेलंय. ओटीपीशिवाय प्रवेश नाही, एका मोबाईलला दिवसाला ३० मिनिटं, सोशल मीडिया आणि व्हिडिओ बंद, 'आक्षेपार्ह' मजकूर बघितला तर कारवाई, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ की वापरकर्त्याची माहिती सुरक्षित ठेवली जाईल. कोण ठेवणार, किती दिवस, कुणाला देणार, काही पत्ता नाही. चालवायला कंत्राटदार नेमणार आणि तो म्हणे जाहिरातींतून खर्च काढणार. हरकत घ्यायची तर मुद्देसूद हवी, नुसतं "हे बरोबर नाही" म्हटलं तर कोण विचारतंय. ज्यांनी असं काम केलंय किंवा ज्यांना कायद्याची बाजू माहितीय त्यांनी जरा सांगा.

जुना_राऊटर
नेटवर्क लावण्याच्या कामात बरीच वर्षं आहे, तेवढ्यापुरतं बोलतो. व्हिडिओ बंद करणं हा आळशी उपाय आहे. लोड वाढू नये हा हेतू असेल तर माणशी स्पीडची मर्यादा लावा, प्रत्येकाला ठरावीक एमबीपीएस, मग तो त्यात व्हिडिओ बघो नाहीतर मेल. राऊटरवर ही सोय असतेच. उलट साइटची यादी करून बंद करायला गेलं की रोज नवीन साइट शोधत बसा, आणि एखादा सरकारी माहितीचा व्हिडिओ पण त्यात अडकतो.

३० मिनिटांचं गणित मोबाईल नंबरवर ठेवलंय की फोनच्या मॅक अ‍ॅड्रेसवर (वाय-फायला जोडताना फोन देतो तो त्याचा ओळख क्रमांक) ते विचारा. मॅकवर असेल तर विसरा, अँड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून (२०२०) फोन वाय-फायला जोडताना खरा मॅक न देता बनावट देतो, तो बदलला की तुमच्या सिस्टीमला नवाच माणूस आला असं वाटतं.

आणि ज्या दोन गोष्टी मसुद्यात असायलाच हव्या होत्या त्या दिसत नाहीत. एक, क्लायंट आयसोलेशन, म्हणजे एकाच वाय-फायवरच्या दोन फोननी एकमेकांना दिसू नये. ही एक सेटिंग आहे फक्त, पण ती सुरू नसेल तर शेजारच्या बाकावर बसलेला तुमच्या लॅपटॉपचं शेअर केलेलं फोल्डर उघडू शकतो. दुसरं, पालिकेच्या ऑफिसचं नेटवर्क आणि लोकांचं वाय-फाय पूर्ण वेगळं हवं. टॅक्सच्या काउंटरचा कॉम्प्युटर आणि बागेतला पोरगा एका नेटवर्कवर असले तर पुढचं सांगायला नको.

उगाच_विचारतो
फुकटात मिळतंय तरी लोकांच्या तक्रारी! बंधनं नकोत म्हणणाऱ्यांनी न्यूयॉर्कचं बघावं. २०१६ ला तिथे फुटपाथवर लिंकएनवायसीचे खांब उभे केले, वाय-फाय शिवाय नेट बघायला टॅब्लेट जोडलेला. काही महिन्यांत लोक खुर्च्या टाकून तासन् तास तिथेच, नको ते व्हिडिओ भर रस्त्यात. शेवटी सप्टेंबरमध्ये टॅब्लेटवरचं ब्राउझिंग बंद करावं लागलं. आपल्याकडे काय वेगळं होणारे?

कलम_पोटकलम
@उगाच_विचारतो उदाहरण चांगलं दिलंत पण ते तुमच्याच विरोधात जातंय राव. तिथे ब्राउझिंग फक्त टॅब्लेटवरचं बंद केलं, वाय-फाय तसंच चालू राहिलं. त्रास खांबाजवळ ठाण मांडण्याचा होता म्हणून तेवढंच काढलं.

आता ओळख पटवण्याचं. हे देशागणिक वेगळं आहे आणि पालिकेच्या हातात फार नसतं, त्यामुळे "ओटीपी काढा" एवढीच हरकत घेऊ नका. भारतात दूरसंचार विभागाच्या २००९ च्या सूचना आहेत, सार्वजनिक वाय-फायवर माणूस ओळखता आला पाहिजे, फोटो ओळखपत्राची प्रत ठेवा नाहीतर मोबाईलवर पासवर्ड पाठवा, ओटीपीची पद्धत त्यातूनच रुळली. इटलीत २००५ च्या दहशतवादविरोधी कायद्याने वाय-फाय देणाऱ्याला गिऱ्हाइकाचं ओळखपत्र बघणं सक्तीचं होतं, ती सक्ती २०११ पासून उठली. म्हणजे कायमचं काही नसतं, पण तोवर पाळावं लागतं.

तुमच्या हरकतीचा जोर ओटीपीनंतर काय होतं यावर हवा. तपासाला लागते ती नोंद एवढीच : कुठला नंबर कधी जोडला, कधी सुटला, त्याला कुठला आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) आणि पोर्ट (त्या पत्त्याखालचा जोडणीचा क्रमांक) मिळाला. पोर्ट मुद्दाम म्हणतोय, कारण अख्खी बाग बाहेरून एकाच आयपीने दिसते आणि पोर्ट नसला तर त्या वेळी जोडलेले सगळेच संशयित. याच्यापुढे, कोण कुठल्या साइटवर गेला याची यादी पालिकेने ठेवायचं कारणच नाही, आणि एचटीटीपीएसमुळे (फोन आणि साइटमधली देवाणघेवाण कुलूपबंद करणारी पद्धत) आत काय वाचलं ते दिसत नसलं तरी साइटचं नाव बहुतेक वेळा दिसतंच. एखाद्या आजाराच्या किंवा वकिलाच्या साइटचं नुसतं नावही पुरेसं बोलतं. तेव्हा नियमात लिहून घ्या : कायद्याने सांगितलेली मुदत संपली की नोंद पुसायची, लेखी आदेशाशिवाय कुणाला द्यायची नाही, आणि ओटीपीसाठी घेतलेल्या नंबरवर दुसरा एकही मेसेज जाणार नाही.

'आक्षेपार्ह' हा शब्द तर काढायलाच लावा. बेकायदेशीर म्हणा, त्याला कायद्यात व्याख्या आहे. आक्षेपार्ह म्हणजे कुणाला, वॉचमनला?

पुस्तकवाली
वाचनालयात काम करते. फिल्टरबद्दल बोलायचंय. अमेरिकेत २००० च्या एका कायद्यामुळे इंटरनेटसाठी ठरावीक सरकारी मदत घेणाऱ्या वाचनालयांना फिल्टर लावावा लागतो, सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये ते मान्यही केलं, पण त्यातही मोठ्या माणसाने मागितलं तर तो उघडून देता येतो. तुमच्या मसुद्यात उघडून देण्याची सोय आहे का? शब्द पकडणारे फिल्टर स्तनांच्या कॅन्सरची माहितीसुद्धा अडवतात आणि तो माणूस काउंटरवर येऊन मोठ्याने विचारणार नाही, गप उठून जाईल.

आणि ३० मिनिटं कुणी ठरवली देव जाणे. आमच्याकडे निम्मे लोक फॉर्म भरायला येतात. परवाच एक मुलगी बसली होती, फोटो जास्तीत जास्त ५० केबीचा हवा, हिचा दोन एमबीचा, तो लहान करा, सही स्कॅन करा, मग साइट हँग, मग परत पहिल्यापासून, आणि सबमिटच्या तोंडावर सेशन संपलं. बागेत वेळ ठेवा हवं तर, वाचनालयात आणि सुविधा केंद्रात नको, किंवा गर्दी असेल तेव्हाच लावा. सगळ्या जागांना एकच नियम हेच मुळात चुकतंय.

ओटीपीचं पण बघा. ज्याचं रिचार्ज संपलंय, ज्याच्याकडे नुसता टॅब आहे, ज्याचा फोन घरातल्या दुसऱ्याच्या हातात असतो, वाय-फायची गरज त्यालाच जास्त. काउंटरवर ओळखपत्र दाखवून एका दिवसाचा कोड मिळावा, आणि ओळखपत्राची झेरॉक्स काढून गठ्ठे लावू नयेत. जिथे कायदा प्रतच मागतो तिथे पर्याय नाही पण ते गठ्ठे कपाटात कुलपात तरी हवेत, टेबलावर नको.

खिडकीतला_ढग
बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. जागेप्रमाणे वेगळे नियम हा मुद्दा मी सगळ्यात वर घेतोय. जाहिरातवाल्या कंत्राटदाराचं काय करू? पालिका म्हणते पैसे नाहीत, तोच एक मार्ग आहे.

जुना_राऊटर
जाहिरात नकोच म्हणता आलं तर उत्तम. युरोपियन युनियनने वायफायफॉरईयू योजनेत गावांना १५,००० युरोचं व्हाउचर दिलं, त्यात अटी होत्या की वापर फुकट, जाहिरात नाही, लोकांची माहिती धंद्यासाठी गोळा करायची नाही, आणि पालिकेने स्वतःच्या खर्चाने किमान तीन वर्षं चालू ठेवायचं. शेवटची अट महत्त्वाची आहे, कारण उद्घाटनाला सगळे असतात, डबे बंद पडले की कुणाचा फोन लागत नाही.

जाहिरात टळत नसेल तर ती लॉगिनच्या पानापुरती ठेवा. लोक जी पानं बघतात त्यात कंत्राटदाराने काहीही घुसवायचं नाही, लोकेशन विकायचं नाही. कंत्राट संपताना डेटा पालिकेला देऊन स्वतःकडचा पुसायचा, आणि बंद पडलं तर किती तासांत दुरुस्त करणार, नाही केलं तर दंड किती, हे आकड्यात. प्रत्येक जागी बोर्ड हवा, त्यावर वाय-फायचं अचूक नाव आणि तक्रारीचा नंबर, नाहीतर कुणीही त्याच नावाचं हॉटस्पॉट सुरू करून बसतो.

मसुद्याला कंत्राटाच्या अटींचं परिशिष्ट जोडलंय का?

खिडकीतला_ढग
"परिशिष्ट ब पाहावे" असं लिहिलंय. पण फाईलमध्ये परिशिष्ट ब नाहीये, आत्ता परत बघितलं.

कलम_पोटकलम
मग बाकीचं नंतर. पहिलं पत्र तेच टाका की परिशिष्ट ब प्रसिद्ध करा आणि ते प्रसिद्ध झाल्या दिवसापासून हरकतींची मुदत नव्याने मोजा. पोच घ्यायला विसरू नका, शिक्का आणि तारखेसकट.