चेरीची दोन झाडं, फुलं भरपूर, फळ एकही टिकत नाही: मदत हवी आहे

पर्णिका

बागेत गोड चेरीची दोन झाडं आहेत, एक 'बिंग' आणि एक 'लॅम्बर्ट'. दोन्ही मॅझार्ड खुंटावरची (खुंट म्हणजे कलमाखालचं मुळांचं झाड) कलमं, वय सात वर्षं, मधलं अंतर 5 मीटर. गोड चेरीला एकट्याने फळ धरत नाही, दुसऱ्या जातीचं झाड जवळ लागतं, म्हणून मुद्दाम दोन वेगळ्या जाती लावल्या. हिवाळा चांगला कडक असतो, तेव्हा थंडी कमी पडते असं वाटत नाही.

दोन्ही झाडं एकाच वेळी फुलांनी भरून जातात, मधमाश्याही भरपूर येतात. पाकळ्या झडल्यावर हिरवे दाणे दिसतात, वाटाण्याएवढे होईपर्यंत ठीक असतात, मग पिवळे पडून देठासकट गळतात. फुलोरा संपल्यानंतर साधारण तीन-चार आठवड्यांत झाड रिकामं.

सोबत आणखी तीन गोष्टी सांगते, संबंध असेल-नसेल माहीत नाही. दरवर्षी प्रत्येक झाडाला भरपूर शेणखत आणि वर थोडा युरिया दिला जातो, नवीन फुटवे मीटरभर सरळ वर जातात. बिंगच्या खोडावर गुडघ्याच्या उंचीला डिंक येतोय, आणि हिवाळ्यात छाटलेल्या एका फांदीच्या खुंटीवरही. शेंड्यांची पानं गुंडाळली आहेत, आत काळे बारीक किडे आणि खोडावर मुंग्यांची रांग.

फळगळीसाठी बोरॉन किंवा पोटॅश द्यावं का? डिंकावर काय लावायचं? आणि छाटणी नेमकी कधी करायची?

रानवारा

आधी एक खात्री करून घ्या. फुलोऱ्यात कडाक्याचं धुकं-दव नव्हे, खरं हिमतुषार पडलं होतं का? पूर्ण उमललेल्या फुलाला उणे 2 अंश सेल्सिअसच्या आसपास इजा सुरू होते, उणे 4 ला बहुतेक फुलं मरतात. पण त्यात फुलाच्या मधला स्त्रीकेसर एक-दोन दिवसांत काळा पडतो आणि दाणा धरतच नाही. तुमच्याकडे दाणा वाटाण्याएवढा होतोय, म्हणजे गोठण्यापेक्षा परागीभवनाचा संशय जास्त. गळलेले दहा-पंधरा दाणे ब्लेडने उभे कापून पाहा. आतली बी पांढरी, भरलेली दिसते की आक्रसून तपकिरी झालेली?

पर्णिका

कापून पाहिले. सगळ्यांत बी सुकलेली, तपकिरी. फुलोऱ्यात हिमतुषार नव्हतं, दुपारी ऊनही चांगलं होतं.

कलमकाडी

मग उत्तर तुमच्या पहिल्याच ओळीत आहे. बिंग आणि लॅम्बर्ट एकमेकांना फळवत नाहीत. जाती वेगळ्या असल्या तरी परागीभवनाच्या हिशेबात ही दोन झाडं एकच आहेत.

कारण असं. चेरीत 'एस' नावाचं एक जनुक असतं आणि प्रत्येक झाडात त्याचे दोन प्रकार असतात. परागकणात त्यातला एकच जातो. तो प्रकार ज्या फुलावर पराग पडला त्या फुलाच्या दोनपैकी एकाशी जरी जुळला, तरी परागनलिका स्त्रीकेसराच्या दांड्यात अर्ध्यावर अडवली जाते आणि बीजांडापर्यंत पोचत नाही. बिंगमध्ये एस3 आणि एस4 आहेत, लॅम्बर्टमध्येही तेच दोन. नेपोलियन आणि एम्परर फ्रान्सिस याच गटातल्या. या चौघांना एकत्र लावून कितीही मधमाश्या आणल्या तरी फळ धरणार नाही. फलन न झालेला दाणा दोन-तीन आठवडे उगाच फुगतो आणि गळतो, तुम्ही जे वर्णन केलंय ते शब्दशः हेच.

त्यामुळे बोरॉन-पोटॅशचा विचार सोडा. माती-पानांची तपासणी न करता बोरॉन टाकणं तर धोक्याचंच, कारण पुरेसं आणि विषारी यांतलं अंतर या मूलद्रव्यात फार थोडं असतं.

झाडं तोडायची किंवा तिसरं लावायचीही गरज नाही. दोन्ही झाडांवर वेगळ्या गटाच्या जातीच्या एक-दोन फांद्या कलम करून घ्या. व्हॅन (एस1, एस3) आणि रेनियर (एस1, एस4) या दोन्ही बिंगसोबत चालतात, एस1 पराग अडत नाही. सगळ्यांत सोयीची 'स्टेला'. कॅनडात 1968 साली आलेली ही स्वफलित, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळणारी जात. तिच्यातल्या एस4 मध्ये असा बदल झालेला आहे की तो पराग कुठल्याच गोड चेरीत अडवला जात नाही. 'लॅपिन्स'मध्येही तोच बदललेला एस4 आहे, पण ती फुलायला लवकर येते. बिंगच्या फुलोऱ्याशी तिचा मेळ बसतो का ते तुमच्याकडच्या हवामानात पाहावं लागेल. माँटमोरेन्सीसारखी आंबट चेरी स्वतः एकटी फळते, मात्र ती उशिरा फुलते, तिच्यावर भिस्त ठेवू नका.

कलमाची पद्धत: झाड पूर्ण सुप्तावस्थेत असताना गेल्या वर्षीच्या वाढीच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या घ्या. दोन्ही टोकं मेणाने बंद करा, ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत फ्रिजमध्ये 1 ते 4 अंशांवर ठेवा. त्याच फ्रिजमध्ये पिकलेली सफरचंदं नकोत, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने काडीवरचे डोळे (मिटलेल्या कळ्या) मरतात. झाडाचे डोळे फुगू लागले की पाचर कलम करा: काडीवर दोन-तीन डोळे, 3 ते 4 सेंटीमीटरचा गुळगुळीत तिरका काप, आणि निदान एका बाजूला तरी सालीखालचा हिरवा थर हिरव्या थराला टेकलेला. खुंटाची फांदी जाड असेल तर काडी मधोमध बसवू नका, कडेला बसवा. मधोमध बसवली की थर जुळत नाहीत. पट्टी घट्ट बांधा, वरून मेण लावा. चेरीचं कलम थोडं हट्टी असतं, म्हणून हवी त्याच्या दुप्पट कलमं बांधा. नाहीच लागली तर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात साल सुटत असताना त्याच फांद्यांवर डोळे भरता येतात, म्हणजे काडीऐवजी एकेक डोळा सालीखाली बसवता येतो.

कलम वरच्या, उन्हाच्या बाजूला असू द्या आणि त्या फांदीला टिकाऊ पट्टी बांधून जात लिहून ठेवा. पुढच्या छाटणीत नेमकी तीच फांदी कापली जाणं फार सर्रास घडतं.

रानवारा

कलमाची फांदी फुलायला दोन-तीन वर्षं जातील. तोवर एक उपाय: कुणाकडे व्हॅन, रेनियर किंवा स्टेला असेल तर फुलोऱ्याच्या सुरुवातीला, अर्ध्या कळ्या मिटलेल्या असताना, चार-पाच फांद्या आणून पाण्याच्या बादलीत उभ्या करा आणि बादल्या तुमच्या झाडांत उंचावर टांगा. मधमाश्या बाकीचं करतात. पाणी रोज बदला. हवा 12-13 अंशांच्या खाली असेल किंवा पाऊस असेल तर मधमाश्या बाहेर पडत नाहीत, तेव्हा मऊ कुंचल्याने हाताने पराग लावा. फूल उमलल्यापासून पहिल्या दोन-तीन दिवसांतच हे करायला हवं, त्यानंतर बीजांड टिकत नाही.

मूळ-माती

फळाचं निदान झालं, आता डिंकाचं बघू. डिंक हा रोग नाही, झाडाची प्रतिक्रिया आहे. त्यामुळे "डिंकावर काय लावायचं" याच्या आधी डिंक का येतोय हे शोधावं लागतं. दोन्ही जागी पुढच्या गोष्टी तपासा.

डिंकात लाकडाचा भुसा किंवा विष्ठेच्या गोळ्या असतील तर खोडकिडा. डिंक पारदर्शक, मधाच्या रंगाचा, आणि नखाने साल किंचित खरवडल्यावर खाली हिरवी-पांढरी निघाली तर जुनी जखम, उन्हाचा चटका किंवा मुळांशी साचलेलं पाणी. साल खचलेली, खालचा भाग तपकिरी आणि आंबूस वास असेल तर जिवाणूजन्य कँकर, म्हणजे साल कुजवणारा रोग.

निचराही तपासा. फांद्यांच्या घेराबाहेर 30 सेंटीमीटर खोल खड्डा करा, पाणी भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा आणि आता ताशी किती उतरतं ते मोजा. 2.5 सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर चेरीसाठी जमीन जड आहे.

युरिया बंद करा, शेणखतही यंदा नको. फळत्या वयाच्या गोड चेरीला वर्षाला 30 ते 45 सेंटीमीटर नवी वाढ पुरे. मीटरभर वाढ म्हणजे नत्र जास्त. अशा लुसलुशीत शेंड्यावर मावाही तुटून पडतो आणि कँकरही लवकर शिरतो. सरळ उभे फुटवे कापण्यापेक्षा वाकवा: कोवळे असताना सुतळीने आडव्याकडे ओढून बांधा, उभ्या रेषेपासून साधारण 60 अंशांवर. वाकलेल्या फांदीवर आखूड फळफांद्या लवकर तयार होतात. गोड चेरीचं फळ याच आखूड फांद्यांवर येतं आणि त्या दहाएक वर्षं फळतात, म्हणून छाटताना त्या मोडू नका.

पर्णिका

खोडावरचा डिंक पारदर्शक आहे, भुसा नाही, वास नाही, खरवडल्यावर खाली हिरवं. छाटलेल्या खुंटीवर मात्र साल खचलेली, आत तपकिरी आणि आंबूस वास येतो. खड्ड्यातलं पाणी ताशी सेंटीमीटरभरच उतरतं.

मूळ-माती

खोडाला हात लावू नका, तिथला डिंक खरवडत बसलात तर नवी जखम होईल. निचरा सुधारा. उभं झाड उचलता येत नाही, पण फांद्यांच्या घेराबाहेर, उताराच्या दिशेने 45 ते 60 सेंटीमीटर खोल चर काढून पाणी लांब नेता येतं. खोडाला लागून आळं असेल तर मोडा. पाणी बुंध्याशी नको, घेराच्या कडेला द्या. आच्छादनही खोडापासून वीतभर दूर.

खुंटीवर कँकर आहे. त्यावर औषध नाही, कापून काढणं हाच उपाय. हिवाळ्यातली छाटणी हेच त्याचं मूळ: थंड, ओल्या हवेत जखम उघडी राहिली की हा जिवाणू शिरतो, रुपेरी पान या बुरशीरोगाचंही तसंच. चेरी फळं उतरवल्यावर, उन्हाळ्यात, पुढचे काही दिवस कोरडे असतील तेव्हाच छाटायची. रोगट भागाच्या खाली 20 ते 30 सेंटीमीटर निरोगी लाकडात काप घ्या, फांदी जिथून निघते तिथली फुगीर कड मात्र राखा. पुन्हा खुंटी ठेवू नका. प्रत्येक कापानंतर करवत 70 टक्के स्पिरिटने पुसा.

पानगळीच्या सुरुवातीला आणि पुन्हा बहुतेक पानं गळल्यावर 1 टक्का बोर्डो फवारा: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत विरघळवून मग एकत्र ओता. लोखंडी खिळा बुडवून पाहा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. त्याच दिवशी वापरा. पानं हिरवी असताना फवारू नका, चेरीचं पान तांब्याने करपतं. काही ठिकाणच्या जिवाणूंवर तांब्याचा परिणाम होत नाही, त्यामुळे सगळा भरवसा फवारणीवर नको, कोरड्या हवेतली छाटणी जास्त महत्त्वाची.

कलमकाडी

मूळ-माती यांच्या सल्ल्यात एक भर: छाटलेला पाला गुरा-शेळ्यांपुढे टाकू नका. चेरीची कोमेजलेली पानं सायनाइड सोडतात.

पानं गुंडाळणारा काळा मावाच आहे. एकदा पान गुंडाळलं की फवारा आत पोचत नाही, म्हणून ते शेंडे खुडून पाण्यात बुडवा. उरलेल्या पानांच्या खालच्या बाजूला पोटॅशियम साबण, लिटरला 5 मिली, संध्याकाळी. मुंग्या माव्याची राखण करतात, त्यांना अडवायला खोडाभोवती कागदाची पट्टी बांधून त्यावर चिकट लेप लावा, थेट सालीवर नको. फुलोऱ्यात कोणतंही कीटकनाशक नाही, साबणसुद्धा नाही.

पर्णिका

खूप आभार. कलमं करतेच. पण जागा आहे, तर स्टेलाचं एक वेगळं झाडही लावू का? जमीन तर जड निघाली.

कलमकाडी

लावा, पण खुंट बघून घ्या. महालेब खुंट पाणी साचणाऱ्या जमिनीत टिकत नाही, तो नको. गिसेला 5 या बुटक्या खुंटावर झाड साधारण निम्म्या उंचीचं राहतं आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळतं. अंतर 3 मीटर पुरे, आधाराचा खांब मात्र लागतो. तुमच्या जड जमिनीत खड्डा खोदून लावू नका, तो पाण्याचं टाकंच होईल. 30 ते 45 सेंटीमीटर उंच, दीड मीटर रुंद वरंबा करून त्यावर लावा. मुळं उघडी असलेलं रोप असेल तर लावण्याआधी तासभर पाण्यात ठेवा. कलमाचा सांधा मातीच्या वर 5 ते 10 सेंटीमीटर राहिलाच पाहिजे. तो पुरला गेला तर वरच्या फांदीला स्वतःची मुळं फुटतात आणि बुटक्या खुंटाचा उपयोग संपतो. वरंबा पहिल्या वर्षी खचतो, तेव्हा लावताना सांधा थोडा जास्तच उंच ठेवा आणि पावसानंतर एकदा मोजून बघा.