प्रति: प्रशिक्षकाला हंगाम संपेपर्यंत ठेवावं का?

‘प्रशिक्षकाला मध्येच काढलं तर भरपाईचे (करार संपण्याआधी काढल्यास त्याला द्यावे लागणारे) पैसे फुकट जातात, हंगाम संपू द्या’ हे मत मला अजिबात पटत नाही. अमेरिकन फुटबॉलमधल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या संघाचंच बघा. प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट घरचा मुलगा, याच विद्यापीठाच्या 1997 च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू), म्हणून लोकांनी त्याला फार सांभाळून घेतलं. 2021 मध्ये 12 पैकी 9 सामने हरले, नऊही दहापेक्षा कमी गुणांनी. तोंडचा घास जाताना बघून चाहत्यांचा जीव किती तुटला असेल! सप्टेंबर 2022 मध्ये घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्न या दुसऱ्या विद्यापीठाच्या संघाकडून 45-42 असे हरले आणि दुसऱ्याच दिवशी त्याला काढलं. 1 ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर दीड कोटी डॉलरची भरपाई निम्मी झाली असती. तरी थांबले नाहीत, आणि माझ्या मते योग्यच केलं. विश्वास उडालेल्या माणसाच्या हाताखाली पोरांनी आणखी का खेळायचं?



माझा खरा राग करार करणाऱ्यांवर आहे. 2019 मध्ये संघ धडपडत असतानाच त्यांनी फ्रॉस्टचा करार 2026 पर्यंत वाढवला होता. जाब आधी त्यांना विचारा.