चर्चा: कोल्हापूरच्या जुन्या वास्तूंना पैसा कमी पडतोय की दुसरंच काही?

करवीरकर (धागाकर्ता)

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं आणि त्यानंतर काही दिवस गावात ज्याच्या त्याच्या तोंडी निधी होता. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर ते. परत उभं राहायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. माझा वाद आधीच्या काळाबद्दल आहे.

लाकूडकाम असलेल्या जुन्या इमारतीला दरवर्षी काय लागतं? वायरिंगची तपासणी, वाळवीची फवारणी, पावसाळ्याआधी पन्हाळी साफ करणं, भिंतीत रुजलेलं पिंपळाचं रोप बोटाएवढं असतानाच मुळासकट काढणं. पुनर्बांधणीच्या मानानं हा खर्च चिल्लर. पण या चिल्लर खर्चाला अंदाजपत्रकात लेखाशीर्ष नसतं, आणि त्यात फीत कापण्यासारखंही काही नसतं. 'सुशोभीकरण' म्हटलं की मात्र दिवे, कठडे, कारंजी सगळ्याला पैसा निघतो.

म्हणून माझं मत असं, की पैसा नाही ही सबब आहे. खरा दुष्काळ तीन गोष्टींचा: देखभालीची कायमची तरतूद, चुन्यात काम करणारे गवंडी आणि मोजमापासह नोंदी. ज्यांना पटत नाही त्यांनी खुशाल सोलून काढावं.

मंगळवार पेठ

सोलतोच. तुमची यादी सरकारी इमारतींची आहे हो. आमचा वाडा आहे, पेठेत, आजोबांच्या आधीपासूनचा. पुढचा सोपा (ओसरी) धड आहे, माडीची तुळई खचलेली. चार भावांच्या नावावर आहे, त्यातले दोन पुण्यात. दुरुस्तीचा अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो तर पहिला प्रश्न, "वारसा यादीत आहे का बघावं लागेल." महिना गेला तरी ते बघत होते. दरम्यान पावसानं मागची भिंत बसली.

वारसा सगळ्या गावाचा आणि खर्च आमचा, हा कुठला न्याय? 'पैसा नाही ही सबब' हे ज्याच्या डोक्यावर तुळई नाही त्यानंच म्हणावं.

घाणीचा चुना

मी याच कामात आहे, म्हणून दोघांच्याही मधे तोंड घालतो.

पैसा येतो तेव्हा तो कसा खर्च होतो ते आधी बघा. निविदा निघते, सगळ्यात कमी दर भरणारा काम घेतो आणि त्यानं आयुष्यात सिमेंटशिवाय काही कालवलेलं नसतं. तो दगडांचे सांधे सिमेंटनं गच्च भरतो. भिंतीतलं पाणी पूर्वी चुन्याच्या सांध्यातून बाहेर पडायचं, आता ते दगडातून वाट काढतं. सोबत क्षार येतात आणि दगडाचा पापुद्रा सुटायला लागतो. आपल्या काळ्या दगडाला वेळ लागतो, वीट आणि मऊ दगड लवकर जातात. म्हणजे दुरुस्तीसाठी आलेल्या पैशानंच नुकसान.

चुन्याचं काम घाईचं नाही. कळीचा चुना भिजवून मुरू द्यायचा, मग वाळू आणि सुरखी (विटांची पूड) घालून घाणीत, म्हणजे चुना मळायच्या चक्कीत, मळायचा, गूळ-हिरड्याचं पाणी घालायचं. तयार चुना थापीला लोण्यासारखा धरतो, पण भिंतीवरून ओघळत नाही. ही पारख हातात असते, निविदेच्या कागदात नाही. आणि तो हात असलेली माणसं आता साठीच्या पुढची आहेत. त्यांची पोरं टाइल्स बसवतात, कारण तिथं रोज काम आहे.

करवीरकर, तुमचा दुसरा मुद्दा मला शंभर टक्के मान्य. पण गवंडी टिकायचा तर त्याला बारा महिने काम पाहिजे, आणि त्याला पैसाच लागतो. तुमचा दुष्काळ फिरून तिथंच येतोय.

रंकाळा रिटर्न

कसला वारसा घेऊन बसलाय मर्दांनो. २०१९ ला अन् २०२१ ला पंचगंगा घरात आली, तवा कुठल्या दगडाचे सांधे मोजत हुता? आन् शिवाजी पुलाचं इसरलासा व्हय? नदीकाठची ब्रह्मपुरीची टेकडी संरक्षित, म्हणून पर्यायी पूल वर्षानुवर्षं अर्धवट लोंबकळत राहिला. २०१८ च्या जानेवारीत जुन्या पुलावरनं मिनीबस खाली गेली, १३ जीव गेलं. त्या टेकडीतल्या खापऱ्या जपल्या, माणसं न्हाई जपली. आधी गटारं करा, रस्तं करा. उरलं तर वाडं रंगवा.

मोडीवाली

रंकाळा दादा, पुलाचा राग रास्त आहे. २०१० च्या कायदा-दुरुस्तीनं केंद्र-संरक्षित स्थळापासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामावरची बंदी कायद्यातच आली आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण. सार्वजनिक पुलाला त्यातून वाट ठेवायला हवी होती. पण तो दोष नियम लिहिणाऱ्यांचा. खापऱ्यांवर का काढताय?

त्या 'खापऱ्या' म्हणजे काय तेही सांगते. ब्रह्मपुरीत १९४५-४६ ला उत्खनन झालं. तिथं मिळालेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती भूमध्य समुद्राकडून आलेली आहे. म्हणजे सातवाहनांच्या काळात पंचगंगेकाठच्या या गावाचे लागेबांधे रोमन जगापर्यंत पोचले होते. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या वस्तू बघायला कधीतरी मुलांना घेऊन जा.

इथं सगळे इमारतींवरच बोलताहेत म्हणून आणखी एक. पुरालेखागारातली, जुन्या ग्रंथालयांतली आणि घराघरांतल्या ट्रंकांमधली मोडी कागदपत्रं दगडाच्या कितीतरी आधी मरतात. त्यांना आग लागायची गरज नाही, दमट हवा आणि कसर पुरे. पुरानंतर लोक भिजलेले दप्तर उन्हात टाकतात. कागद वेडावाकडा होतो, शाई फुटते. ओली पानं ओढून सुटी करायची नाहीत. सावलीत, पंख्याच्या वाऱ्याखाली, मधे टीपकागद घालून सावकाश वाळवायची. फार दप्तर असेल आणि एवढ्यात जमणार नसेल तर पिशवीत घालून सरळ डीप फ्रीजरमध्ये ठेवायचं, म्हणजे बुरशी थांबते आणि विचार करायला वेळ मिळतो. याला किती कोटी लागतात? माहीत असलेला एक माणूस लागतो.

करवीरकर

मोडीवाली ताई, हेच म्हणतोय मी.

मंगळवार पेठ, तुमचा त्रास खोटा नाही, पण पैशाची दारं अजिबात नाहीत असंही नाही. नॅशनल कल्चर फंड १९९६ पासून आहे, जुन्या करप्रणालीत त्याला दिलेल्या देणगीला प्राप्तिकरात पूर्ण वजावट मिळते. कंपन्यांच्या सीएसआरच्या, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खर्चाच्या, यादीत ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती २०१३ च्या कंपनी कायद्यानंच बसते. गोकुळ शिरगाव आणि शिरोलीत एवढे उद्योग आहेत, त्यांच्याकडे नीट आराखडा घेऊन कोण गेलंय? जिल्हा नियोजनातूनही गड-किल्ले आणि संरक्षित स्मारकांसाठी ३ टक्क्यांपर्यंत निधी देता येतो. राज्य-संरक्षित स्मारक संगोपनाला घ्यायची महाराष्ट्र वैभव योजना आहे.

अडतं कुठं? यातल्या प्रत्येक दाराशी पहिल्यांदा मागतात ते मोजणीचे नकाशे, आजच्या स्थितीचे फोटो आणि दुरुस्तीचा तज्ज्ञाकडून केलेला अंदाज. ते नसतं. म्हणून नोंदी, नोंदी, नोंदी.

आणि नोंदी फक्त पैशासाठी नव्हेत. २०१५ ला अंबाबाईच्या मूर्तीचं रासायनिक संवर्धन झालं, त्यानंतर मस्तकावरच्या नागावरून केवढा गदारोळ! आधी नक्की काय दिसत होतं यावरच लोक भांडत होते. मंदिराच्या आवारातलं मणिकर्णिका कुंड तर बुजवून वर स्वच्छतागृह झालं होतं. ते हटवून कुंड पुन्हा उकरावं लागलं.

मंगळवार पेठ

यादी छान आहे. आता परत वाचा. कल्चर फंड, वैभव योजना, ३ टक्के. सगळं मुख्यतः संरक्षित स्मारकांना. खासगी वाड्याला यातलं काय? सीएसआरवाले चार भावांच्या सामाईक घरात पैसे घालणार होय? राहता राहिला हेरिटेज टीडीआर, म्हणजे वाड्यावर वापरता न येणारा, पण दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क. तो विकला तर पैसा. बिल्डरला स्वस्तात दुसरा टीडीआर मिळत असताना आमचा कोण घेतो?

नोंदी करायला आर्किटेक्ट फी मागतो. ती कोण देणार, तेवढं सांगा.

पन्हाळकर

पन्हाळ्याचं ऐका. जुलै २०२५ ला १२ किल्ल्यांच्या यादीतून आमचा गड युनेस्कोत गेला. पेढे वाटले, अभिमान आहेच. पण त्याआधी गावातली माणसं विरोधात उभी होती हे विसरू नका. आमचा गड रिकामा नाही, वर नगरपरिषद आहे, शाळा आहे, नळाला पाणी लागतं. अंबारखान्याजवळ, तीन दरवाजाजवळ राहणाऱ्यानं पत्रा बदलायचा म्हटला तरी धाकधूक. दर्जा मिळाल्यावर पर्यटक वाढतील, पार्किंग होईल, पण घराच्या परवानगीला लागणारे महिने कमी होतील का? पैशाआधी मला एक टेबल पाहिजे, जिथं अर्ज दिला की ठरल्या मुदतीत हो किंवा नाही मिळेल.

घाणीचा चुना

पन्हाळकरांशी सहमत, आणि मंगळवार पेठ, एक गैरसमज काढतो. यादीत असणं म्हणजे खिळाही ठोकायचा नाही, असं वारसा यादीतल्या फक्त पहिल्या श्रेणीला जवळपास लागू. तिसऱ्या श्रेणीत परवानगी घेऊन आतले बदल, नवा वापर बराच करता येतो. पेठेतले बहुतेक वाडे तिथंच बसतील. तुळई खचली तर सगळी माडी उतरवायची गरज नसते. कुजतं ते बहुधा भिंतीत गेलेलं टोक, तेवढं कापून नवं सागवान जोडता येतं. आधी खाली टेकू द्या, या पावसाळ्याआधी. बाकी वाद नंतर.

खर्चाचं म्हणाल तर खिद्रापूर बघा. कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप, ४८ खांब, केंद्र-संरक्षित, सगळं आहे. तरी कृष्णेचा पूर यायचा तो येतोच आणि गाळ धुवायला गावातलीच पोरं लागतात. तेव्हा नुसतं संरक्षणही पुरत नाही आणि नुसता पैसाही.

रंकाळा रिटर्न

टेकू द्या म्हणं! टेकू दिला की तीस वरसं टेकूच ऱ्हातोय, गल्लीत बघितलंय. पोसायडनचं मातर खरं हाय का ताई? शाळंत कुणी सांगितलं न्हाई आमाला. रविवारी टाऊन हॉल उघडा असतो का?

मोडीवाली

सोमवार सोडून जा दादा, तरी निघायच्या आधी एकदा विचारून घ्या. घरात जुने मोडी कागद असतील तर सोबत आणू नका, मोबाइलवर सरळ उजेडात, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. करवीरकर, फीचा प्रश्न मात्र टाळू नका. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांकडून पेठेतल्या दहा वाड्यांची मोजणी अभ्यासक्रमातच करून घेता येईल. मालक तयार असतील तर मी कॉलेजात बोलते. मंगळवार पेठ, पहिलं नाव तुमचं घालू का?

मंगळवार पेठ

पुण्याच्या भावांना विचारून सांगतो. ते नाहीच म्हणणार.