५५ च्या पुढे गेलं की मागच्या चाकातून घुंईऽऽ आवाज, बेअरिंग की क्राऊन?

कांदा_सहाचाकी:
नमस्कार मंडळी. स्वतःचा सहाचाकी ट्रक आहे, लासलगावहून वाशी मार्केटला कांदा टाकतो. गेले पंधरा दिवस गाडी ५५ च्या पुढे गेली की मागून घुंईऽऽऽ असा एकसुरी आवाज येतोय, स्पीड वाढेल तसा वाढतो, ४० वर आलो की जवळपास जातो. भरलेली असली की जास्त. तीन महिन्यांपूर्वी मागचे ब्रेक लायनर बदलले तेव्हा हबला (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग असतं) ग्रीसिंग करून घेतलं होतं आणि दीड महिन्यापूर्वी मागे दोन रबर चढवलेले (जुन्यावर नवं रबर लावलेले) टायर टाकलेत. आता एक मिस्त्री म्हणतो क्राऊन पिनियन (मागच्या एक्सलमधले चाकांना जोर देणारे गिअर) गेला, हाउसिंग (त्यांचं कवच) उतरवू, दुसरा म्हणतो मागची सगळी बेअरिंग बदला. सीझन चालू आहे, गाडी चार दिवस उभी राहिली तर हप्ता कसा भरू? खर्चाला ना नाही पण नेमकं गेलंय काय हे तरी कळू दे.

घाटवाट:
भाऊ हाउसिंगला आत्ताच हात लावू देऊ नको. आधी फुकटातलं बघ. सपाट सरळ रस्ता, मागे कोणी नाही, ६५ ला गाडी न्यूट्रल कर (घाटात अजिबात नाही, आणि इंजिन बंद करायचं नाही, ब्रेकची हवा जाईल). आवाज तसाच राहिला तर इंजिन, क्लच सुटले, गिअरबॉक्सही बहुतेक सुटला. मग गिअरमध्येच एकदा रेस देऊन ऐक, एकदा पाय काढून ऐक. क्राऊन पिनियनचा आवाज ओढताना वेगळा आणि सोडल्यावर वेगळा येतो, चाकाच्या बेअरिंगला रेसशी देणंघेणं नसतं, ते फक्त स्पीड बघतं. तिसरं म्हणजे लांब वळणावर कान दे. उजव्या वळणाला वजन क्लीनर साइडला (डावीकडे) जातं, तेव्हा आवाज वाढला तर क्लीनर साइडचं बेअरिंग, डाव्याला वाढला तर ड्रायव्हर साइडचं. वळणं नेहमीच्याच स्पीडने घे, भरल्या गाडीला झोल देऊन बघू नको.

टायर_मापटं:
रबर चढवलेले टायर म्हणालास म्हणून सांगतो, टायरचा आवाज हुबेहूब बेअरिंगसारखा येतो, माझी पण एकदा फसगत झालीये. ओळखायचं कसं तर डांबरावरून सिमेंट रोडवर गेल्यावर आवाजाचा सूर बदलतो का बघ, बदलला तर टायरवर संशय घे, बेअरिंगला रस्त्याने विशेष फरक पडत नाही. गाडी उभी करून टायरवरून हात फिरव, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखा लागला तर टायर खाल्लेला आहे. जोडातले दोन टायर उंचीला सारखे आहेत ना तेही बघ, एक नवं रबर आणि एक घासलेला असला की उंच टायर सगळं वजन घेतो आणि बुटका रस्त्यावर घासत जातो. हवा थंड टायरवर चेक कर, आतल्या टायरची पण, तो सगळे विसरतात.

हब_ग्रीस:
यात एक राहिलं, हबची गरमी. तीसेक किलोमीटर चालवून, शेवटी फार ब्रेक न मारता बाजूला घे आणि दोन्हीकडच्या हबजवळ हात ने, आधी लांबूनच, थेट टेकवू नको. एक बाजू दुसरीपेक्षा खूप तापली असेल तर एकतर बेअरिंग नाहीतर लायनर धरतोय. आमच्या वडिलांच्या गाडीला असाच आवाज होता, ट्रिप संपवून बघू म्हणून चालवली, ग्रीस वितळून सील ओलांडून लायनरवर आलं आणि उतारावर त्या चाकाला ब्रेकच लागेना. त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगतो, हब तापत असेल तर भाडं सोडा पण गाडी पुढे नेऊ नका, चाक निघून येतं.
जॅकवर घेतलीस तर घोडी (आधाराचा स्टँड) लावल्याशिवाय खाली जाऊ नको. चाक वर-खाली धरून हलव, प्ले कळेल. मागच्या चाकाचा एक्सल बाहेर काढ आणि मग हब हाताने फिरव, नाहीतर क्राऊनचा जोर मध्ये येतो आणि काही समजत नाही. चांगलं बेअरिंग गप्प फिरतं, गेलेलं खरखरतं.

कांदा_सहाचाकी:
सगळ्यांचे मनापासून आभार. न्यूट्रलला फरक नाही, रेस सोडूनही नाही, उजव्या वळणाला मात्र स्पष्ट वाढतो. क्लीनर साइडचा हब जवळ हात धरवत नाही इतका तापलेला. आज एक्सल काढून हब उतरवला, आतल्या बेअरिंगच्या रोलरला खड्डे पडलेत आणि कपावरही (बाहेरच्या रिंगवर) डाग आहेत. मिस्त्री म्हणाला लायनर बदलताना हबनट जास्त आवळलेला दिसतोय. बाहेरचं चांगलं दिसतंय, ते राहू देऊ का?

हब_ग्रीस:
नको, हब उघडलाच आहे तर दोन्ही बदल. कप आणि कोन (रोलर बसलेली आतली रिंग) एकाच सेटचे घे, जुन्या कपात नवीन कोन घालू नको. सील नवीन, जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढ, त्यावर दुसरं मारू नको. बेअरिंग बसतं ती जागा निळी पडली असेल किंवा नखाला चर लागत असेल तर आधी ते दाखव. हबनट हब फिरवत फिरवत आवळायचा आणि मग कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा परत सोडायचा, अंदाजाने नाही. एक्सल काढलाय म्हणजे हाउसिंगचं ऑइल थोडं गेलं असणार, लेव्हल बघ. पहिल्या ५० किलोमीटरला थांबून हब परत चेक कर आणि चाकाचे नटही परत आवळ.