मदत हवी आहे: कोडी रॉस जायंट्सना ‘फुकट’ कसा मिळाला, हे बाबांना कसं समजावू?

फ्रीमाँटकर:
नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा विचित्र आहे, पण घरात शांतता नांदायची तर उत्तर लागेल.

बाबा सहा महिन्यांसाठी कोल्हापूरहून आमच्याकडे अमेरिकेत आलेत. क्रिकेट इथल्या वेळेनुसार अपरात्री लागतं, म्हणून त्यांनी बेसबॉल बघायला सुरुवात केली. आता माझ्यापेक्षा तेच जास्त बघतात. परवा टीव्हीवर २०१० चा जुना सामना लागला होता, सॅन फ्रान्सिस्को जायंट्स विरुद्ध फिलाडेल्फिया फिलीज, नॅशनल लीगच्या (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) अंतिम मालिकेतला पहिला. जायंट्सच्या कोडी रॉसनं फिलीजचा पिचर (चेंडू टाकणारा) रॉय हॅलडेला दोन होमरन मारले. बाबांनी विचारलं, "ह्यो कुठला गडी?" मी म्हटलं, फ्लोरिडा मार्लिन्सचा होता, ऑगस्टमध्ये जायंट्सना फुकट मिळाला. जायंट्सनाही खरं तर नको होता, शर्यतीतल्या सॅन डिएगो पॅड्रेसना मिळू नये म्हणून घेतला.

इथेच चुकलो. बाबा जन्मापासून शिवाजी पेठेतले, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वाढलेले. म्हणाले, "लेका, आमच्या पेठेतला स्ट्रायकर हंगामाच्या शेवटाला मंगळवार पेठंत फुकट गेला, तर त्या अध्यक्षाला गल्लीत चहा तरी मिळंल का? तू कायतरी चुकीचं वाचलंयस."

त्यात शेजारचे आजोबा. पन्नास वर्षांपासून जायंट्सचे भक्त. ते कुंपणापलीकडून म्हणाले की अडवायलाच घेतला होता, जगाला माहीत आहे. ऑफिसातला एक मित्र सॅन डिएगोचा, तो म्हणतो की ही सगळी नंतर रचलेली कथा आहे. रविवारी हे तिघेही आमच्याकडे जेवायला आहेत. मला एवढंच हवंय:

एक, चालू हंगामात दुसऱ्याचा फलंदाज असा उचलता कसा येतो? दोन, रॉसला अडवायला घेतला की खेळवायला? तीन, हे आजही चालतं का?

बाबांना इंग्रजी लेख दाखवून उपयोग नाही. मराठीत, आणि शक्यतो पेठेच्या भाषेत.

डावखुरा_बंडू:
बाबांना माझा नमस्कार सांगा. शंका एकदम रास्त आहे.

या पद्धतीला इंग्रजीत ‘वेव्हर’ म्हणतात, पण त्या शब्दाच्या नादी लागू नका, दवंडी म्हणा. तेव्हाचा नियम असा होता की ३१ जुलैनंतर कुठल्याही खेळाडूचा सौदा करायचा तर आधी त्याच्या नावानं दवंडी पिटायची: आमचा हा गडी आहे, कुणाला हवाय का? साधारण दोन दिवसांची मुदत. कुणीच हात वर केला नाही तर सौदा कुणाशीही करायला मोकळे. हात वर झाला, तर मालक संघापुढे तीन वाटा. खेळाडू परत घ्यायचा, म्हणजे दवंडी रद्द. किंवा हात वर करणाऱ्याशीच बसून बदल्यात काही मागायचं. किंवा सरळ म्हणायचं, घेऊन जा, आणि त्याचा उरलेला पगारही घेऊन जा.

मार्लिन्सनी तिसरी वाट धरली. त्यांची शर्यत संपल्यातच जमा होती आणि रॉसचा त्या वर्षीचा पगार साधारण ४४-४५ लाख डॉलर होता. हंगामाचा जेमतेम पाव भाग उरलेला, म्हणजे दहा-अकरा लाख वाचले. ‘फुकट’ म्हणतात ते हे. जायंट्सनी बदल्यात खेळाडू दिला नाही, पण बिल त्यांच्या गळ्यात पडलं. पेठेच्या भाषेत: मंडळानं गडी सोडला नाही, त्याची मेस सोडली.

आता खरी गंमत. दोघातिघांनी हात वर केला तर पहिला मान कुणाला? गुणतक्त्यात जो सगळ्यात खाली त्याला, आणि तोही आधी त्याच लीगमधल्या संघांना. म्हणजे जो पुढे आहे त्याचा नंबर शेवटी. ऑगस्ट २०१० मध्ये नॅशनल लीगच्या पश्चिम विभागात पॅड्रेस पहिले, जायंट्स दुसरे. पॅड्रेसना रॉस हवा असता तरी आधी जायंट्सना विचारलं जाणार. दुसऱ्या नंबरवाल्याला पहिल्याच्या ताटातला घास काढायची ही सोय नियमातच होती. पुढच्याला मागच्याचं असं काही अडवता यायचं नाही.

२२ ऑगस्टला जायंट्सनी हात वर केला. मार्लिन्स म्हणाले, न्या.

पेन्शनर_पुणे:
मेस सोडली, हे आवडलं. बेसबॉल कळत नाही, पण धागा वाचतोय.

सॅनडिएगोची_सून:
सासर सॅन डिएगो, त्यामुळे या विषयावर मी तटस्थ नाही, आधीच सांगते.

‘अडवायला घेतला’ ही गोष्ट जायंट्सचे लोक इतक्या प्रेमानं का सांगतात? कारण त्यात त्यांचे जनरल मॅनेजर ब्रायन सेबियन चाणक्य ठरतात. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, आणि मला ते पटतं, की पॅड्रेस रॉसमुळे बुडलेच नाहीत. २५ ऑगस्टला आम्ही साडेसहा सामने पुढे होतो. मग सलग दहा हरलो. दहा! त्या दहा दिवसांत एक कोडी रॉस काय करणार होता? फलंदाज म्हणून आम्ही जुलैअखेर रायन लडविक आणला होताच, त्याचंही काही जमलं नाही.

तरी शेवटच्या रविवारपर्यंत शर्यत जिवंत होती. सॅन फ्रान्सिस्कोत तिन्ही सामने जिंकायचे होते. शुक्रवार जिंकला, शनिवार जिंकला. ३ ऑक्टोबरला ०-३ हरलो. सासरे त्या दिवसाबद्दल अजून बोलत नाहीत.

आकडेमोड:
@सून, शेवटी जायंट्स ९२ विजय, पॅड्रेस ९०. दोन सामन्यांचा फरक असताना ‘एका गड्यानं काय होतं’ म्हणणं मला धाडसाचं वाटतं. पण उलटही सिद्ध करता येत नाही, कारण रॉसनं उरलेल्या नियमित हंगामात जायंट्सकडून जेमतेम ३३ सामने खेळून फक्त तीन होमरन मारले. बरा खेळला, पण त्यानं विभाग जिंकून दिला असं कुणी म्हणणार नाही. त्याचं सोनं झालं ते ऑक्टोबरमध्ये.

अडवायला की खेळवायला, याबद्दल माझं मत: बाहेरच्या मैदानात जायंट्सकडे तेव्हा आधीच गर्दी होती. पॅट बरेल, आंद्रेस टोरेस, ॲरन रोवँड (पाच वर्षांचे सहा कोटी डॉलर घेऊन बसलेला), नेट शियरहोल्ट्झ. वर नऊ दिवस आधीच, १३ ऑगस्टला, होजे गियेनला आणलेलं. इतकी माणसं असताना सहावा कशाला? म्हणून ‘अडवलं’ हे मला खरं वाटतं. मार्लिन्स त्याला खरंच सोडून देतील असं जायंट्सना वाटलं नव्हतं, असंही बहुतेक सगळे सांगतात.

पण हात वर करताना मनात ‘आलाच तर दहा लाख भरू आणि खेळवू’ ही तयारी ठेवावी लागते. ती नसेल तर हात वर करू नये. का, ते रँडी मायर्सवरून कळतं.

फ्रीमाँटकर:
थांबा, थांबा. बाबा शेजारी बसून ऐकतायत. दवंडी एकदम पटली. मेसवर हसले. आता म्हणतायत, "मग पुढच्याचं वाटोळं करायला कुणीही उठून हात वर करंल की. त्याला दंड काय?" रँडी मायर्स कोण?

आकडेमोड:
बाबांनी मुद्द्यावरच बोट ठेवलं. दंड म्हणजे गडी खरंच गळ्यात पडणं.

मायर्स फलंदाज नव्हे, पिचर, पण गोष्ट तीच. ऑगस्ट १९९८. टोरोंटो ब्लू जेजनी त्याच्या नावाची दवंडी पिटली. अटलांटा ब्रेव्ह्ज त्याला घेतील या भीतीनं एका संघानं हात वर केला, अपेक्षा ही की ब्लू जेज त्याला परत घेतील. ब्लू जेजनी मागे वळूनही पाहिलं नाही. २००० पर्यंतचा करार, एक कोटीहून जास्त डॉलर, सगळा त्या संघाच्या बोकांडी. मायर्सनं जेमतेम २१ सामने टाकले, मग खांदा गेला आणि तो पुन्हा मेजर लीगमध्ये दिसलाच नाही.

तो संघ कुठला? सॅन डिएगो पॅड्रेस.

सॅनडिएगोची_सून:
माहीत होतं तू हे काढणार. त्या वर्षी आम्ही ब्रेव्ह्जना हरवून वर्ल्ड सिरीजला, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेला, गेलो होतो, तेही लिही की.

आकडेमोड:
लिहिलं. तिथे यँकीजकडून ०-४ हरलात, तेही लिहू का? :)

डावखुरा_बंडू:
फलंदाजाचंच उदाहरण हवं असेल तर होजे कॅन्सेको, ऑगस्ट २०००. टँपा बेच्या संघानं दवंडी पिटली, यँकीजनी दुसऱ्या कुणाला मिळू नये म्हणून हात वर केला आणि कॅन्सेको सामान घेऊन दारात हजर. मॅनेजर जो टोरीलाच कळेना याला ठेवायचा कुठे. यँकीज वर्ल्ड सिरीज जिंकले, आणि त्या मालिकेत कॅन्सेको एकदाच बॅटिंगला आला नि स्ट्राइकआउट झाला. जेतेपदाची अंगठी मात्र मिळाली. पेठेत असे दोन-चार असतीलच, मिरवणुकीत सगळ्यात पुढे.

पेन्शनर_पुणे:
पेठ आमचीही आहे. पुढे नाचणारे असतात खरे.

फ्रीमाँटकर, तुमच्या त्या रॉसचं ऑक्टोबरात नेमकं काय झालं? सोनं झालं एवढं म्हणून सगळे पुढे गेले.

फ्रीमाँटकर:
काका, हे मीच सांगतो, हे मला पाठ आहे.

आधी प्लेऑफमध्ये, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद मालिकांमध्ये, ब्रेव्ह्जविरुद्ध चौथा सामना. त्यांचा पिचर डेरेक लो यानं सहाव्या डावापर्यंत जायंट्सना एकही हिट दिली नव्हती. पहिली हिट रॉसची, तीही थेट होमरन. पुढच्याच डावात आघाडीची धावही त्याच्याच फटक्यावर. ३-२.

मग फिलाडेल्फिया. हॅलडेनं आधीच्या सामन्यात, ६ ऑक्टोबरला, रेड्सविरुद्ध नो-हिटर टाकला होता, म्हणजे समोरच्यांना एकही हिट दिली नव्हती. प्लेऑफच्या इतिहासातला दुसराच, पहिला १९५६ मधला. असा माणूस समोर, आणि रॉसनं तिसऱ्या डावात एक, पाचव्या डावात एक मारला. दोन्ही खाली, अंगाजवळ येणारे चेंडू. दुसऱ्या दिवशी रॉय ऑस्वाल्टला तिसरा. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच. जायंट्स टेक्सासला वर्ल्ड सिरीजमध्ये ४-१ हरवून जिंकले. १९५८ मध्ये न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोत आल्यापासूनचं ते पहिलं जेतेपद.

आणि ज्या गियेनला आधी आणला होता, त्याला प्लेऑफच्या यादीतही घेतलं नव्हतं. जागा रॉसला मिळाली. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "डावऱ्या हातानं फेकतो आणि उजव्या हातानं मारतो, असा गडी मी आजवर बघितला न्हाई." त्यांचं लक्ष नेमकं तिकडे.

आता तिसरा प्रश्न राहिला.

डावखुरा_बंडू:
तो सोपा. २०१९ पासून ऑगस्टची ही दवंडी बंद. सौद्यांची एकच मुदत, जुलैअखेरच्या सुमारास. म्हणजे ‘हात वर झाला, परत घेतो’ हा लपंडाव संपला. २०१८ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सचा फलंदाज ब्राइस हार्परच्या नावावर डॉजर्सनी हात वर केला होता आणि नॅशनल्सनी त्याला परत घेतला. त्या जमान्याचा तो शेवटचा ऑगस्ट.

पण साधी दवंडी अजून आहे, जिच्यात नाव टाकलं की परत घेता येत नाही. २०२३ च्या ऑगस्टअखेर एंजल्सनी एकदम पाच-सहा जण सोडले. त्यांचा मोठा खेळाडू ओहतानीचं कोपर गेलं होतं, आशा संपली होती, आणि पगाराची बेरीज लक्झरी टॅक्सच्या (ठरावीक रकमेवरच्या पगारांवर बसणारा कर) रेषेखाली आणायची होती. क्लीव्हलँडनं तीन पिचर उचलले, सिनसिनाटीनं फलंदाज हंटर रेनफ्रो. दोघंही प्लेऑफला गेले नाहीत. रेनफ्रोला तर सिनसिनाटीनं सप्टेंबरातच मोकळं केलं.

३१ ऑगस्टची रेषा मात्र कायम आहे. तोवर संघात नसेल तो प्लेऑफ खेळू शकत नाही. म्हणून हे सगळं ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात घडतं.

आकडेमोड:
रविवारसाठी एक सूचना. मित्राला ‘रचलेली कथा’ या शब्दावर धरा. विचारा, मग सहावा आउटफिल्डर कशाला घेतला? आणि आजोबांना विचारा, जायंट्सच्याही खाली असलेल्या नॅशनल लीगच्या सगळ्या संघांनी रॉसकडे पाठ फिरवली, तेव्हा ऑक्टोबरात तो असं काही करेल हे तुम्हाला ऑगस्टमध्ये ठाऊक होतं का? दोघंही गप्प बसतील, तेवढ्यात वाढून घ्या.

फ्रीमाँटकर:
रविवार पार पडला. सगळ्यांचे आभार.

बायकोनं तांबडा-पांढरा केला होता. मित्राचं तोंड रश्श्यानंच बंद झालं, सहाव्या आउटफिल्डरपर्यंत जावंच लागलं नाही. आजोबांना बाबांनी ‘दवंडी’ शब्द शिकवला. ते ‘डॉन्डी’ म्हणतात. बाबांचा निकाल असा: गडी अडवायलाच घेतला, पण घरी आल्यावर त्याला सावत्र वागवला नाही, म्हणून पावला.

फक्त मार्लिन्सला ते माफ करायला तयार नाहीत. दहा लाखांसाठी गडी सोडणाऱ्या अध्यक्षाचं नाव विचारत होते.

आता त्यांना मैदानात जाऊन सामना बघायचाय, आणि तोही पॅड्रेसविरुद्धच. तिथल्या गार्लिक फ्राइजची गोष्ट आजोबांनी आधीच डोक्यात भरवली आहे. @सॅनडिएगोची_सून, तुम्ही लोक त्या वेळी वर, सॅन फ्रान्सिस्कोकडे, येणार असाल तर कळवा, चार तिकिटं एकत्र काढू.

सॅनडिएगोची_सून:
येतो. सासरेही येतील, पण पॅड्रेसची टोपी घालून. आणि ३ ऑक्टोबर २०१० चा विषय काढायचा नाही, एवढं बाबांना आधीच सांगून ठेवा.