प्लोवदिव्हला फेब्रुवारीअखेर जावे की जुलैत?

साताऱ्याची_लेक: नमस्कार. मी जर्मनीत राहते. साताऱ्याहून येणाऱ्या माझ्या आईला घेऊन बल्गेरियातील प्लोवदिव्ह या शहरात पाच दिवस राहण्याचा विचार आहे. आईने शाळेत अनेक वर्षे संगीत शिकवले असल्यामुळे तिला रोमन अवशेषांइतकीच, किंबहुना त्यांहून अधिक, तिथल्या लोकांच्या गाण्यांची, नाचाची आणि सणांची ओढ आहे. सुट्टी फेब्रुवारीअखेर किंवा जुलैअखेर मिळू शकते. परंपरा प्रत्यक्ष जगल्या जाताना पाहायच्या असतील, तर यांपैकी कोणता काळ निवडावा? आईचे गुडघे दुखतात, तेव्हा चढउताराविषयीही सांगावे.

मारित्साकाठी: मी वैद्यकीय शिक्षणासाठी प्लोवदिव्हमध्ये सहा वर्षे राहिलो आणि माझे मत निःसंशय फेब्रुवारीअखेरच्या बाजूने आहे, मात्र मुक्काम १ मार्चपर्यंत लांबवावा. त्या दिवशी ‘बाबा मार्ता’ येते. (बल्गेरियन भाषेत ‘बाबा’ म्हणजे आजी; मार्च महिना हीच एक लहरी आजी, असे तिथे मानतात.) लाल आणि पांढऱ्या धाग्यांची ‘मार्तेनित्सा’ लोक एकमेकांच्या मनगटावर बांधतात आणि पहिला करकोचा, पाकोळी किंवा मोहरलेले झाड दिसेपर्यंत ती उतरवत नाहीत, पुष्कळ जण ती नंतर त्या झाडाच्याच फांदीला बांधतात. पहिल्या वर्षी शेजारच्या आजींनी ‘चेस्तिता बाबा मार्ता’ म्हणत माझ्या मनगटावर धागा बांधला, तेव्हा त्या परक्या शहरात मला प्रथमच कुणीतरी आपले मानल्यासारखे वाटले. आईंना हा अनुभव नक्की मिळू द्यावा.

याच सुमारास, ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या सात आठवडे आधीच्या रविवारच्या आसपास, ‘कुकेरी’ निघतात. अंगावर केसाळ कातडी, तोंडावर मुखवटे आणि कमरेला जड घंटा बांधून पुरुष अशुभाला हुसकावत फिरतात. मात्र हे शहरापेक्षा खेड्यांत अधिक पाहायला मिळते. ही तारीख दरवर्षी बदलते, त्यामुळे तिकिटे काढण्यापूर्वी ती तपासावी आणि एक दिवस भोवतालच्या थ्रेसच्या मैदानातील गावांसाठी राखून ठेवावा.

सूरवेडा: वरील सल्ला योग्य आहे, तरी जुलैची बाजूही मांडली पाहिजे. पहिल्या शतकाच्या अखेरीस बांधलेले प्लोवदिव्हचे रोमन नाट्यगृह १९८१ पासून पुन्हा वापरात आहे आणि उन्हाळ्यातील आंतरराष्ट्रीय लोककला महोत्सवाचे कार्यक्रम तिथे होतात. ज्या संगमरवरी आसनांवर शहरातील गणांची नावे कोरलेली आहेत, त्यांच्या सान्निध्यात बसून संध्याकाळी गायदा (बॅगपाइपसारखे वाद्य) ऐकणे हा विलक्षण अनुभव आहे.

आपल्या आई संगीत शिकवीत असत, म्हणून मुद्दाम सांगतो. बल्गेरियन नृत्यांचे ताल त्यांना परके वाटणार नाहीत. ‘राचेनित्सा’ सात मात्रांची असते; आपल्या रूपक तालात विभागणी ३-२-२ अशी असते, तर तिथे २-२-३, आणि लयही पुष्कळ द्रुत. रूपक अंगात मुरलेल्या माणसाला मोठा खंड शेवटी आल्याचा झटका सुरुवातीला बसतो आणि मग त्याची गोडी लागते. शहराच्या दक्षिणेला रोडोपी पर्वत आहे. तिथली ‘काबा गायदा’ ही बकऱ्याच्या कातड्याची, खर्ज सुराची पिशवीबाजा आहे. रोडोपीच्याच वाल्या बाल्कान्स्का यांनी गायदांच्या साथीने गायलेले लोकगीत १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील ध्वनिमुद्रणांच्या सुवर्ण तबकडीतून अंतराळात गेले, आणि त्याच तबकडीवर गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. हे दोन आवाज एकाच तबकडीवरून सूर्यमालेबाहेर चालले आहेत, या विचाराने माझे डोळे आजही भरून येतात.

जुनी_आळी: चढउताराविषयी सांगते. जुने शहर टेकड्यांवर आहे आणि तिथल्या फरशा गोटे पुरल्यासारख्या ओबडधोबड आहेत, त्यामुळे चांगले बूट आणि काठी हवीच. नेबेत तेपे ही टेकडी गुडघ्यांसाठी सोडून दिली तरी चालेल, पण १८४७ मधला कुयुमजिओग्लू यांचा वाडा सोडू नये. तिथल्या लोकजीवन संग्रहालयात विभागवार पोशाख, शेतीची अवजारे आणि वाद्ये पाहिल्यावर रस्त्यावरच्या सणांचा अर्थ अधिक उलगडतो. जवळच हिंदलियान या आर्मेनियन व्यापाऱ्याचा वाडा आहे. हिंदुस्थानाशी असलेल्या व्यापारामुळे त्या घराण्याला हे नाव पडले, असे सांगतात.

खालचा भाग सपाट आहे. मुख्य पादचारी रस्त्याखाली सुमारे २४० मीटर लांबीचे रोमन क्रीडांगण पुरलेले असून जुमाया मशिदीसमोर त्याचे अर्धवर्तुळाकार टोक उघडे दिसते. शेजारच्या ‘कापाना’ वस्तीत गल्ल्यांना सोनार, लोहार यांसारख्या व्यवसायांची नावे आहेत, अगदी आपल्या तांबट आळीसारखी.

साताऱ्याची_लेक: सर्वांचे मनापासून आभार. राचेनित्साचे ध्वनिमुद्रण मी काल आईला फोनवरून ऐकवले. तिने चौथ्या आवर्तनाला सम बरोबर पकडली आणि पुन्हा लावायला सांगितले. तिकिटे फेब्रुवारीअखेरची काढत आहे, परतीची तारीख २ मार्च. मारित्साकाठी, त्या शेजारच्या आजींसाठी साताऱ्याहून काय आणावे, ते कृपया कळवावे.